कळ कोणी दाबायची?

गेल्या वर्षी माझ्या नणंदेचा गुडघा बदलला. मुंबईच्या पश्चिम उपनगरातलं बऱ्यापैकी मोठं खाजगी रुग्णालय, सातवा मजला, दोन खाटांची खोली. ऑपरेशनच्या संध्याकाळी मी डबा घेऊन पोचले तेव्हा ती गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, घोरणं चालू. उशाशी खुर्चीत भाचा. त्याच्या एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात वायरीला लटकलेलं, दुखण्याचं औषध सोडणाऱ्या पंपाचं बटण. माझ्याशी बोलता बोलता त्याने ते दाबलं.

“हे काय करतोयस रे?”

“आई झोपलीय ना मामी, म्हणून मीच दाबतोय. जागी झाल्यावर एकदम दुखायला नको.”

मुलगा गुणाचा आहे. दोन दिवस रजा टाकून आईपाशी बसला होता. आपण तिला औषध नाही, हळूहळू विष देतोय, हे त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं, कारण कुणी ते सांगितलंच नव्हतं. मी बटण काढून घेतलं. नणंदेला जराही न हलवता, तिच्या छातीकडे बघत, मनगटावरच्या घड्याळात पुरा एक मिनिट श्वास मोजले. नऊ भरले, फारच कमी. मग हाक मारली. डोळे उघडले, “वहिनी, कधी आल्या...” एवढं म्हणाली आणि वाक्य पुरं व्हायच्या आत मान पुन्हा कलली.

बेल वाजवल्यावर एक सिस्टर आली. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. पंपावर डोस किती लावलाय, विचारलं. तिने आधी पंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “डॉक्टरांनी लावून दिलाय, मॅडम. मला फक्त अलार्म बंद करता येतो.” कंपनीचा माणूस मंगळवारी येऊन सगळ्यांना दाखवून गेला होता म्हणे. ही त्या आठवड्यात नाइटला होती, त्या वेळी होस्टेलवर झोपलेली. पुढे इन्चार्ज आल्या, भूलतज्ज्ञांना फोन झाला, पंप थांबवला, ऑक्सिजन लावला आणि एक सिस्टर खाटेपाशी बसून राहिली. दोन तासांनी नणंद पूर्ण जागी झाली आणि चहा पाणचट आहे म्हणून तक्रार करू लागली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. काही वाईट झालं नाही. झालं नाही म्हणूनच कुठे नोंदही झाली नसणार.

मी चौतीस वर्षं पालिकेच्या रुग्णालयात काढली. स्टाफ नर्स म्हणून लागले, परिसेविका, म्हणजे वॉर्डाची मुख्य सिस्टर म्हणून निवृत्त झाले, मधली काही वर्षं मुलींना शिकवलंही. त्यामुळे त्या सिस्टरवर मला राग धरता येत नाही. तिच्या जागी मी कैकदा उभी राहिलेय. माझा राग आहे तो पंप विकत घेऊन शिक्षण ‘डेमो’वर भागवणाऱ्यांवर.

या पंपाला वॉर्डात ‘पीसीए’ म्हणतात, म्हणजे ‘पेशंट-कंट्रोल्ड ॲनाल्जेसिया’, रुग्णाच्या हातातलं वेदनाशमन. शिरेला जोडलेली सिरिंज, तिच्यावर छोटा संगणक, आणि रुग्णाच्या मुठीत बटण. दुखलं की रुग्णाने दाबायचं, ठरवून दिलेला छोटासा डोस आत जातो. अफूपासून बनणारं मॉर्फिन असेल तर सहसा एका दाबाला १ मिलिग्रॅम. मग पाच ते दहा मिनिटं पंप कुलूपबंद, कितीही दाबा, काही मिळत नाही. या मधल्या वेळेला लॉकआउट म्हणतात. वर तासाची किंवा चार तासांची कमाल मर्यादाही घालता येते.

ज्यांनी जुने वॉर्ड पाहिलेत त्यांनाच यातली गंमत कळेल. पूर्वी ऑपरेशननंतर दुखण्याचं इंजेक्शन सहा-आठ तासांनी दंडात किंवा कमरेत. रुग्ण कण्हायला लागला की नातेवाईक सिस्टरकडे धावायचा. सिस्टर हाउसमनला, म्हणजे वॉर्डातल्या ज्युनिअर डॉक्टरला शोधायची. हाउसमन ऑपरेशन थिएटरात. तो सापडला, त्याने लिहिलं, की डबल लॉकच्या कपाटाच्या किल्ल्या आणायच्या, रजिस्टर काढायचं, दोन सह्या, मग सुई. आणि सुई टोचल्यावरही औषध चढायला वेळ. तोवर आम्ही काय म्हणायचो? “जरा कळ काढा.” मराठीत वाट बघण्यालाच कळ काढणं म्हणतात, यावरून आपण दुखण्याबद्दल काय समजतो ते कळतं. आणि यंत्राच्या बटणालाही मराठीत कळच म्हणतात. एका कळेवर दुसरी कळ, आणि तीही रुग्णाच्या स्वतःच्या हातात. मला पहिल्यांदा हा पंप बघायला मिळाला तेव्हा मी हरखले होते, खोटं कशाला सांगू.

या कल्पनेचा इतिहास मात्र पंप विकणारे सांगत नाहीत. फिलिप सेचझर नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञाने १९६८च्या सुमारास मागणीनुसार शिरेतून छोटे डोस देण्याचा प्रयोग केला, तेव्हा रुग्णाच्या मागणीवर औषध देणारं यंत्र नव्हतं, नर्स होती. १९७१ साली त्याने तेच काम यंत्राकडे दिलं. १९७६ साली वेल्समध्ये बनलेला ‘कार्डिफ पॅलिएटर’ हा बाजारात आलेला पहिला पंप. म्हणजे या पंपाची मूळ आवृत्ती एक नर्स होती, आणि ती डोस देताना रुग्णाकडे बघत होती. यंत्राने तिचे हात घेतले, डोळे घेतले नाहीत. ते घेता येतही नाहीत.

पंप म्हणजे काही जादू नव्हे, हेही सांगायला हवं. २०१५ साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या संस्थेने या विषयावरच्या चाचण्यांचा आढावा घेतला. नर्सने मागणीनुसार दिलेल्या औषधाच्या तुलनेत पंपावरच्या रुग्णांचं दुखणं थोडं कमी राहतं आणि ते जास्त समाधानी असतात, पण औषध त्यांना काहीसं जास्तच जातं आणि अंगाला खाजही जास्त सुटते. एवढाच निष्कर्ष. फायदा खरा आहे, पण माफक आहे. आणि माफक फायद्यासाठी जिवाची जोखीम घ्यायची नसते, म्हणून शिक्षणाचा मुद्दा शेवटी उरकायचा नसून सगळ्यात आधी सोडवायचा आहे.

पंपाची सगळी सुरक्षितता एका साध्या गोष्टीवर उभी आहे. मॉर्फिन जास्त झालं की आधी झोप येते, श्वास नंतर मंदावतो. झोपलेला माणूस बटण दाबत नाही. बटण दाबलं नाही की औषध जात नाही. नवं औषध गेलं नाही की आधीचं हळूहळू उतरतं. इतकं सुंदर कुलूप कुठल्या इंजिनिअरने बनवलं नसतं, ते शरीरानेच बनवलंय. माझ्या भाच्याने ते कुलूप मायेपोटी उघडलं होतं. पाठीमागे सतत थेंबथेंब चालू राहणारा डोस लावला तरी हे कुलूप उघडतं, कारण मग झोपलेल्यालाही औषध मिळत राहतं. ज्याला पूर्वी कधी मॉर्फिनसारखी औषधं घेण्याची सवय नाही त्याला तो सहसा लावायचा नसतो, ते याचसाठी.

अमेरिकेत रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ सालीच इशारा काढला होता की बटण रुग्णाशिवाय दुसऱ्या कुणी दाबू नये. पण तो इशारा तिथल्या वॉर्डांसाठी होता. आपल्याकडे नातेवाईक भेटीला येत नाही, मुक्कामाला असतो. केईएमला, सायनला, नायरला कुणीही जाऊन बघावं. खाटेखाली चटई, चटईवर पासवाला नातेवाईक. तोच रक्ताची बाटली आणायला धावतो, तोच नमुना लॅबला नेतो, पाणी पाजतो, कूस बदलतो, सलाइन संपलं की ओरडतो. खाजगी रुग्णालयातही चित्र फार वेगळं नाही, फक्त चटईऐवजी सोफा-कम-बेड. आम्ही सिस्टर लोकांनीच इतकी वर्षं निम्मं काम त्याच्यावर टाकलंय. ज्या माणसाला आपण रात्रभर सगळं करायला लावतो त्याला हे एक बटण मात्र दाबू नकोस असं सांगायचं असेल, तर बसवून, कारणासकट, त्याच्या भाषेत सांगायला हवं. ‘रिलेटिव्हज नॉट अलाउड टू प्रेस’ अशी चिठ्ठी पंपावर चिकटवून भागत नाही.

आणि भाषा म्हणजे कुठली? परळला टाटा कर्करोग रुग्णालयाच्या दारात उभं राहिलं की बंगाली, भोजपुरी, ओडिया, असमिया, वऱ्हाडी सगळं ऐकू येतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेला माणूस कुठून कुठून आलेला असतो. तिकडे खाजगी रुग्णालयात खाटेवर मराठी आजी आणि उशाशी केरळहून आलेली सिस्टर, दोघींच्या मध्ये मोडकं हिंदी. शून्य ते दहापैकी दुखणं किती, असा प्रश्न नर्सिंगच्या पुस्तकात असतो. आमच्या आजीला तो विचारला की ती म्हणते, “ठणकतंय गं बाई.” किती? “लई.” ठणका वेगळा, चमक वेगळी, कळ वेगळी, ठसठस वेगळी, आग, चुरचुर, शिणक, मुरडा सगळं वेगळं. ठसठसणारी जखम पू धरत असेल, अचानक उठलेली पोटरीतली कळ रक्ताची गुठळी असू शकते, आणि हे दोन्ही पंपाने झाकायचं दुखणं नव्हे, डॉक्टरांना दाखवायचं दुखणं आहे. त्यातून बायका. विशेषतः आमच्या पिढीच्या. बटण हातात असूनही दाबत नाहीत. “सोसवतंय तोवर सोसते,” म्हणतात, जणू मॉर्फिन रेशनवर आहे. अशा बाईच्या पंपावर ‘काही मागणी नाही’ दिसतं आणि दुखणं नाही असा निष्कर्ष निघतो. मग ती खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठून चालत नाही, आणि चौथ्या दिवशी छातीत कफ भरतो.

म्हणजे पंप शिकवायचा तर काय काय शिकवावं लागेल? कंपनीचा माणूस सांगतो ते सगळ्यात सोपं असतं. चालू कसा करायचा, सिरिंज कशी बसवायची, अलार्म कसा बंद करायचा. पंचेचाळीस मिनिटं, समोसा, चहा, सह्यांचा कागद. तो कागद फाइलला लागतो, मानांकनाचे तपासनीस आले की फाइल पुढे ठेवली जाते आणि सगळे सुटतात. मीही अशा कागदांवर सह्या घेतल्या आहेत. त्या माणसाचीही चूक नाही, त्याला पंप विकायचाय. पण पंपाने माणूस मरतो तो पंप चालवता आला नाही म्हणून क्वचितच. मरतो तो कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही म्हणून.

इथे एक कबुली देते. नोकरीत असलेल्या सिस्टर वाचत असतील तर त्या हसतील. ताप, नाडी, श्वास लिहायच्या टीपीआर शीटवर श्वासाचा एक रकाना असतो. त्यात सगळ्या वॉर्डाचे २० असतात. फार तर कुणाचे १८. चाळीस रुग्णांचे चाळीस मिनिटं श्वास मोजत बसायला कुणाला वेळ आहे? ताप घेतला, नाडी पाहिली, बीपी झालं, आणि श्वास लिहिला. लिहिला, मोजला नाही. हा मुंबईतल्या वॉर्डांचा सगळ्यात उघड खोटेपणा आहे आणि आम्ही तो एकमेकींना शिकवतो. इतर रुग्णांच्या बाबतीत बहुधा तो खपून जातो. मॉर्फिनच्या पंपावर असलेल्या माणसाच्या बाबतीत तोच २० मारू शकतो.

श्वास मोजणं ही कलाच आहे. रुग्णाला हात लावायच्या आधी, हाक मारायच्याही आधी मोजायचे, कारण जाग आली की श्वास वाढतो आणि आकडा खोटा पडतो. पुरा मिनिट, पंधरा सेकंदांना चाराने गुणून नाही. मग हाक मारून झोप किती खोल आहे ते बघायचं: लगेच उठतो, की उठून बोलता बोलता पुन्हा झोपतो, की हलवलं तरच डोळे उघडतो. दुसरी अवस्था दिसली की धोका सुरू झाला समजायचं, तिसरीची वाट पाहायची नाही. घोरणं म्हणजे छान झोप नव्हे. नातेवाईक कौतुकाने सांगतात, “आज पहिल्यांदा डाराडूर झोपलेत बघा,” आणि सिस्टरही खूश होऊन पुढे जाते. पंपावरच्या माणसाचं नवं घोरणं म्हणजे श्वासाची वाट अर्धी मिटल्याचा आवाज असू शकतो. आणि बोटाला लावून ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रावरच्या ९८ वर विसंबायचं नाही. ऑक्सिजन चालू असताना माणसाचा श्वास पार मंदावला, आत कार्बन डायऑक्साइड साठत गेला, तरी तो आकडा बराच वेळ ९८ दाखवतो. यंत्र खोटं बोलत नाही, त्याला प्रश्नच दुसरा विचारलेला असतो. वयस्कर, लठ्ठ, झोपेत श्वास अडकणारे, आणि किडनी कमजोर असलेले रुग्ण, म्हणजे आपल्या मधुमेही मुंबईतले कितीतरी, यांच्याकडे दुपटीने लक्ष हवं. मॉर्फिन शरीरात मोडल्यावर उरणारा त्याचा एक प्रभावी अंश किडनीवाटेच बाहेर पडतो. किडनी सुस्त असेल तर तो साठत जातो आणि दुसऱ्या दिवशी, सगळे निर्धास्त झाल्यावर, त्रास देतो.

दुसरी गोष्ट सिरिंज भरण्याची. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पंपाची सिरिंज वॉर्डातच भरतात. मॉर्फिनची ॲम्पूल १० मिलिग्रॅमचीही मिळते आणि १५ मिलिग्रॅमचीही. ५० मिलिलिटरमध्ये पाच ॲम्पूल टाकायच्या अशी हाताला सवय लागलेली असते. स्टोअरने एक दिवस १५च्या पाठवल्या की त्याच सवयीने त्याच सिरिंजमध्ये ७५ मिलिग्रॅम भरलं जातं. पंपाला वाटतं आपण १ देतोय, जातं दीड. याहून वाईट म्हणजे पंपाला तीव्रताच चुकीची सांगणं. सिरिंजमध्ये मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम आहे आणि पडद्यावर १ टाकलं, तर प्रत्येक दाबाला पाचपट. फेंटानिल या मॉर्फिनसारख्याच औषधाचा हिशोब तर मायक्रोग्रॅममध्ये, तिथे मिली आणि मायक्रोची गल्लत म्हणजे हजारपट.

यावर उपाय म्हणून दुसऱ्या सिस्टरने स्वतंत्र हिशोब करून सही करायची असते. स्वतंत्र, म्हणजे पहिलीचा आकडा न बघता. प्रत्यक्षात काय होतं? “सही करून ठेव गं.” आणि रात्री दुसरी असतेच कुठे? माझ्या शेवटच्या वॉर्डात रात्री आम्ही दोघी आणि खाटा पस्तीस, जमिनीवरचे वेगळे. त्यातली एक कुठल्या तरी रुग्णाला घेऊन एक्स-रेला गेलेली. परिचर्या परिषदेचं कागदावरचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स असं आहे. ते मी विद्यार्थिनींना फळ्यावर लिहून द्यायचे आणि त्या माझ्याकडे अशा बघायच्या की मी परीकथा सांगतेय.

पंपाची आठवणही वाचायला शिकवली पाहिजे, ती तर जवळजवळ कुणीच बघत नाही. बटण किती वेळा दाबलं गेलं आणि त्यातून डोस किती वेळा मिळाला, दोन्ही आकडे पंप साठवतो. रात्रीत चाळीसदा दाबलं आणि आठदा मिळालं, तर याचा अर्थ काय? दुखणं आटोक्यात नाही, डोस अपुरा आहे? की आजींना लॉकआउट म्हणजे काय ते कळलेलंच नाही आणि त्या बेल समजून दाबतायत? की आजी झोपल्यात आणि नातू खेळतोय? तिन्हींचे उपाय वेगळे. हा विचार करायला शिकलेली सिस्टर ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्ण सोपवताना, नुसतं “पीसीए चालू आहे” म्हणणार नाही, “मागणी चाळीस, मिळाले आठ, मुलाशी बोलले” असं म्हणेल. माझ्या लेखी प्रशिक्षण झालं की नाही याची हीच परीक्षा आहे, सह्यांचा कागद नव्हे.

आता कायद्याकडे वळते. आमच्या पिढीला मॉर्फिन शिकवलं ते औषध म्हणून नव्हे, मुद्देमाल म्हणून. १९८५चा अंमली पदार्थांचा कायदा आला आणि रुग्णालयांनी परवान्यांच्या धास्तीने मॉर्फिन ठेवणंच सोडलं. अफूची कायदेशीर शेती करणारा देश, गाझीपूर आणि नीमचला सरकारी कारखाने, आणि कर्करोगाचा रुग्ण पॅरासिटामॉलवर. २०१४ साली दुरुस्ती झाली, मॉर्फिन आणि फेंटानिलसकट सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि परवान्यांचं जंजाळ कमी झालं. कायदा बदलला, हात बदलले नाहीत. रिकामी ॲम्पूल मोजून परत दे, उरलेलं साक्षीने टाक, रजिस्टरचा बॅलन्स जुळव, हे सगळं सिस्टरला तोंडपाठ. एक ॲम्पूल फुटली तर ती रात्रभर झोपत नाही. आम्हाला ॲम्पूल मोजायला शिकवलं, श्वास मोजायला नाही, याला मी शिक्षण म्हणत नाही.

आणि नुसतं शिकवूनही भागणार नाही, अधिकार द्यावा लागेल. हा मुद्दा डॉक्टरांना सहसा आवडत नाही. रात्री दोन वाजता श्वास आठवर आलेला दिसला तर सिस्टरने काय करायचं? आज ती फोन करते. निवासी डॉक्टर कॅज्युअल्टीत. भूलतज्ज्ञ इमर्जन्सी सिझरला. ती वाट बघते, कारण पंपाला हात लावला आणि सकाळी सर्जन ओरडले तर तिच्या बाजूने कोण उभं राहणार? पंप थांबवण्याचा अधिकार, कुणालाही न विचारता, तिला लेखी मिळाला पाहिजे. मॉर्फिनवरचा उतारा असलेल्या नालोक्सोनचाही. ०.४ मिलिग्रॅमची ती ॲम्पूल सलाइनमध्ये १० मिलिलिटर करून थोडी थोडी द्यायची असते, एकदम दिली तर माणूस जागा होतो तो दुखण्याने किंचाळतच. आणि तिचा असर मॉर्फिनच्या आधी उतरतो, म्हणून शुद्धीवर आला म्हणजे वाचला असं नाही, पुढचे काही तास तो पुन्हा बुडू शकतो. हे सगळं लिहून ठेवलेली स्थायी ऑर्डर, आणि ट्रॉलीत ती ॲम्पूल खरोखर असणं, एवढं तर करता येईल? मी विद्यार्थिनींना विचारायचे, तुमच्या वॉर्डात नालोक्सोन कुठे आहे. पळत जाऊन बघून यायच्या. कधी सापडायची, कधी तारीख उलटलेली सापडायची.

माझ्या एका जुन्या सहकारी डॉक्टरांचं म्हणणं असं की सिस्टर आधीच इतक्या कमी, पंप त्यांचं काम वाचवतो, तुम्ही त्यावरही प्रशिक्षणाचं ओझं टाकलंत तर आणणारच कोण? प्रश्न प्रामाणिक आहे. पण पंप सिस्टरचं काम वाचवतो हेच मला मान्य नाही. तो सुई टोचण्याचं काम वाचवतो आणि त्या बदल्यात बघण्याचं काम मागतो. बघायला माणूस नसेल तर ते काम वाचलेलं नसतं, टाळलेलं असतं. ज्या वॉर्डात पहिल्या दिवशी दर तासाला श्वास मोजणं शक्य नाही तिथे पंप लावू नये, इतकं साधं माझं म्हणणं आहे. तिथे ठरलेल्या वेळी, न मागता दिलेलं पॅरासिटामॉल, भूलतज्ज्ञाने नस बधिर करून दिलेला ब्लॉक आणि सिस्टरने दुखणं विचारून दिलेला डोस, यातून खूप काही साधतं. स्वीडनमधल्या ऑरेब्रोचे भूलतज्ज्ञ नरिंदर रावल यांनी १९९०च्या दशकात कमी खर्चाची वेदनासेवा मांडली, तिचा कणा वॉर्डातली शिकलेली नर्सच होती. महागडा पंप नव्हे. श्रीमंत स्वीडनला जे स्वस्तातलं चालतं ते आपल्याला हलकं का वाटावं, हे मला कधी उमगलेलं नाही.

खरेदीबद्दलही एक. पालिकेत निविदा निघते, एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी बोलीचा पुरवठादार ठरतो, यंत्र येतं. दोन वर्षांनी दुसरी निविदा, दुसरा एल-वन, दुसरं यंत्र. एका मजल्यावर तीन बनावटीचे पंप, तिन्हींची बटणं वेगळ्या जागी, एकात आधी डोस विचारतो, दुसऱ्यात आधी तीव्रता. ऑर्थोतून सर्जरीला बदली झालेली सिस्टर पुन्हा निरक्षर. खरेदी समितीत सर्जन असतात, हिशेबनीस असतात, परिसेविका नसते. खाजगीत तर बिलात पंपाचं भाडं दिवसागणिक लागतं. त्या भाड्यातले किती रुपये सिस्टरच्या शिक्षणाला जातात, असं माझ्या भाच्याने डिस्चार्जच्या वेळी बिलिंग काउंटरवर विचारलं. काउंटरवरच्या मुलीला प्रश्नच कळला नाही.

त्या रुग्णालयाच्या नर्सिंग सुपरिंटेंडेंट बाईंना मी नंतर जाऊन भेटले. तक्रार करायला नाही, शिकवायला येते म्हणून सांगायला. बाई चांगल्या होत्या. गुरुवारी दुपारी दोनची वेळ ठरली, पाळी बदलते तेव्हा. सात जणी आल्या. त्यातल्या दोन नाइट करून तशाच थांबलेल्या, एक भिंतीला टेकून झोपलीच, आणि मी तिला उठवलं नाही. सातव्या मजल्यावरची ती मुलगी पहिल्या रांगेत होती. सलाइन भरलेली सिरिंज लावून मुद्दाम चुकीची तीव्रता टाकायची आणि शेजारणीने ती शोधायची, असा माझा बेत होता. पण पंप तीनच, आणि तिन्ही वर रुग्णांना लावलेले. मग मी सगळ्यांना घड्याळं काढायला लावली आणि त्या झोपलेल्या सिस्टरचे श्वास मोजायला सांगितले. सहा जणींचे सहा आकडे आले, तेरापासून बावीसपर्यंत. पुन्हा मोजा म्हटलं. तिसऱ्या वेळी पाच जणींचे चौदा जुळले.

जाताना मी सुपरिंटेंडेंट बाईंना म्हटलं, पुढच्या खेपेला एक पंप मोकळा ठेवा, आणि वेळ ड्युटीच्या तासांत धरा. वही उघडून त्यांनी पहिलं लिहून घेतलं. दुसऱ्यासाठी, म्हणाल्या, वर विचारावं लागेल.